केबिनमधला दिवा

आमचे नरहर भाऊजी खोटं बोलत नाहीत. ऐकायला फार छान वाटतं हे. पण अशा माणसासोबत संसार करून बघा, म्हणजे कळेल. माझी शेवंताताई रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या दोन खोल्यांत गेली कित्येक वर्षं करते आहे. तिच्या हातची भाजी खारट झाली तर भाऊजी पाहुण्यांसमोर सांगतात, "मीठ जास्त झालं." माझ्या लग्नात फोटोवाल्याने कौतुकाने विचारलं, "दीदी कैसी लग रही हैं?" तर हे म्हणाले, "थकलेली दिसून राहिली." तो फोटो अजून आहे, आणि मी त्यात खरंच थकलेली दिसते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

धंद्याने ते मेकॅनिक. भनपुरीच्या एका वर्कशॉपात पोकलेन दुरुस्त करतात. जमीन खोदणारी, लोखंडी साखळ्यांवर चालणारी ती अवाढव्य मशीन. वडील रेल्वेत होते, नागपूरहून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. मुलालाही रेल्वेत चिकटवायचा त्यांचा विचार होता, पण या मुलाला पहिल्यापासून माया बिघडलेल्या वस्तूंचीच. नीट चालणाऱ्या वस्तूकडे भाऊजी ढुंकूनही बघत नाहीत. ताई म्हणते, मी ठणठणीत राहते हेच माझं चुकलं.

मंत्रालय नव्या रायपुरात हललं त्या सुमाराची ही गोष्ट. त्याच्यामागोमाग माझं ऑफिसही तिकडे गेलं. रस्ते एवढे रुंद की पलीकडे जाताना वाटेत विचार बदलावा, आणि चहाची टपरी औषधालाही नाही. आमच्या खिडकीसमोर एका नव्या इमारतीच्या पायाचा खड्डा खणणं चालू होतं. दिवसभर एक पिवळी पोकलेन माती उपसायची. तिच्यावर लहानू नावाचा ऑपरेटर होता, तुमसरकडचा. भाऊजींचा जुना दोस्त. मशीन नवी आली तेव्हापासून तिच्यावर तोच. केबिनमध्ये चढताना चपला खाली साखळीजवळ काढून ठेवायचा. पावसाळ्यात त्या चपलांत पाणी साचायचं, पण पायात घालून वर चढला नाही कधी.

तर ही मशीन त्या वर्षी आजारी पडली.

झालं असं, की उन्हाळ्यात तिचा एक प्रेशर सेन्सर खरोखरच गेला होता. पोकलेनचं सगळं बळ तेलाच्या दाबात असतं. दाब किती आहे हे पंपावर बसवलेले बोटाएवढे सेन्सर वरच्या कॉम्प्युटरला सांगतात, आणि त्यावरून कॉम्प्युटर मशीनला जोर लावू देतो. सेन्सरने भलतंसलतं सांगितलं की कॉम्प्युटर घाबरतो आणि मशीनचा जोरच काढून घेतो. मग एवढं मोठं धूड अर्धं फावडं मातीसाठी कुंथत बसतं. भाऊजींनी तो सेन्सर बदलला, मशीन चालू झाली. पण थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. आणि या वेळी एक नाही, स्क्रीनवर तिन्ही सेन्सरचे कोड एकदम. मशीन मरगळायची, पाच-दहा मिनिटं तशीच राहायची. लहानू साइटच्या ऑफिसला सांगायला जायचा, तिथून भनपुरीला फोन जायचा, आणि भाऊजी स्कूटरवर सामान लादून येईपर्यंत मशीन गाय होऊन उभी.

भाऊजींची तपासण्याची एक रीत आहे. ते स्क्रीनवर आधी विश्वास ठेवत नाहीत. पंपाला तपासणीसाठी एक तोंड असतं, त्याला ते स्वतःचा काट्याचा गेज लावतात, ऑपरेटरला फावडं शेवटपर्यंत ओढून धरायला सांगतात, आणि काटा काय म्हणतो, स्क्रीन काय म्हणते, दोन्ही ताडून बघतात. दोघांचं एकमत असेल तर दुखणं पंपात. नसेल तर सेन्सरमध्ये नाहीतर वायरीत. मग दोन सेन्सरांची अदलाबदल करतात. दुखणं सेन्सरबरोबर गेलं तर सेन्सर वाईट, जागेवर राहिलं तर वायर वाईट. तिन्ही एकदम बोंबलले, म्हणजे तिघांना जो पाच व्होल्टचा करंट एकाच जागेहून येतो तोच कुठेतरी तुटतो आहे, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण कुठे? ते पोचले की फॉल्ट गेलेला. त्यांनी पंपापासून केबिनच्या तळापर्यंत वायरींचा जुडगा हाताने चाचपला, हलवला, ओढला, पाणी मारून बघितलं. केबिनमधलं बाजूचं झाकणही उघडलं. तिथे वायरीवर टेपचा एक पदर होता, पण जुन्या मशीनवर टेप कुठे नसतो? झाकण पुन्हा लावलं.

दुपारी ते माझ्या ऑफिसात डबा खायला यायचे. हात धुतले तरी तेलाचा वास राहायचा, आणि आमच्या ऑफिसातल्या बाया नाक मुरडायच्या. मला त्यांचाच राग यायचा.

"काहो, सापडलं का?" मी विचारायची.

"समोर आल्याशिवाय पकडू कसं? मी गेलो का मशीन शहाणी होते."

"लहानूला विचारा ना, त्याने काही केलं का."

"इचारलं. म्हणते, वायरीले हात नाही लावला भाऊ, महाराजाची शप्पथ."

महाराज म्हणजे गजानन महाराज. लहानूच्या केबिनमध्ये आधी महाराजांची तसबीर होती. मग कुठल्याशा साइटवर एका केबिनला आग लागली आणि कंपनीने फतवा काढला, की केबिनमध्ये तसबिरी नको, हार नको, माळा नको, काहीच नको. मोबाइल चार्ज करायचं सॉकेटसुद्धा बंद करून टाकलं. लहानूने तसबीर उतरवली आणि सीटमागे सरकवून ठेवली. हे भाऊजींना माहीत होतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

साइटचा इंचार्ज तरणाताठा होता, भिलाईकडचा. वाईट नव्हता, पण त्याच्यावरही कोणीतरी बसलेलं होतंच. खड्डा मागे पडला होता. त्याने आपल्यापुरता निकाल लावून टाकला, की मशीनला काही झालेलं नाही, ऑपरेटर मशीन झोपवतो. झोपवणं म्हणजे आराम करण्यासाठी मशीन मुद्दाम बंद पाडणं. ऑपरेटरला याहून मोठी शिवी नाही. एकदा ते नाव लागलं की रायपूरपासून कोरब्यापर्यंत फोनवर पोचतं, आणि मग कोणी मशीनची किल्ली हातात देत नाही.

एका दुपारी त्याने भाऊजींना बाजूला घेतलं. मी डबा घेऊन तिथेच उभी होते.

"नरहरजी, आप बस इतना बोल दो कि सेन्सर खराब था, बदल दिया. मैं ऊपर बता दूँगा, बात खतम. नहीं तो मुझे ऑपरेटर बदलना पड़ेगा."

बघा, भला माणूसच म्हणायचा. पळवाट त्यानेच काढून दिली होती. दुसरा कोणी असता तर तिच्यातून घोड्यावर बसून गेला असता. भाऊजी म्हणाले, "सेन्सर अच्छा है साहब."

"तो फिर खराबी क्या है?"

"मिला नहीं अभी."

"तो फिर ऑपरेटर," इंचार्ज म्हणाला आणि गेला. जाता जाता सांगून गेला की गुरुवारी संध्याकाळी नक्की करू.

त्या दिवशी घरी ताईने भाऊजींना असं झापलं की शेजारच्या देवळातले पुजारी डोकावून गेले. "तुमचं काय जात होतं हो? एक शब्द बोलायचा होता! त्या पोराबाळांच्या माणसाची रोजी जाऊन राहिली!"

"जे दिसलं नाही ते कसं सांगू मी?" भाऊजी म्हणाले. "आज खोटं सांगून सेन्सर बदलला, आन उद्या चढावर मशीनचा जोर गेला तर? खाली मानसं असतात."

खरं बोलणाऱ्या माणसाचा हाच तर वैताग असतो.

लहानूही येऊन गेला. ओट्यावरच बसला, चहाला नको म्हणाला. "काम गेलं तर गेलं, नरहरभाऊ. पन झोपवनारा म्हनून नाव नको लागू देऊ. मी खोटं नाही बोलून राहिलो, एवढं तरी दाखव सायबाले. मंग काढू दे."

"दाखवतो," भाऊजी म्हणाले. दिलेला शब्द पाळायचं वेडही आहेच या माणसाला.

गुरुवारी ते सकाळपासून लहानूच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसले. बोलावल्यावर यायचंच नाही, तिथेच असायचं, म्हणजे फॉल्ट कुठे पळतो बघू, असा त्यांचा हिशेब. सीटच्या मागे पाय दुमडून, मांडीवर मीटर, नजर स्क्रीनवर. मी अधूनमधून खिडकीतून बघायची. सकाळ गेली, दुपार गेली, मशीन सुतासारखी सरळ चालत राहिली. त्या दिवशी मला चालत्या मशीनचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी बिघडलेल्या मशीनचा आला नाही. भाऊजी डबा खायलासुद्धा उतरले नाहीत.

ऑफिस सुटल्यावर मी स्टाफ बस सोडली आणि साइटवर गेले. भाऊजींच्या स्कूटरवर घरी जाता येईल हे एक कारण. खरं कारण म्हणजे बसमध्ये बसवेना. दिवेलागणीची वेळ झाली होती. इंचार्ज खड्ड्याच्या काठावर फोनवर बोलत उभा होता. लहानूच्या चपला साखळीजवळ शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, आणि बाजूला भाऊजींचे बूट. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींनी कोणासाठी बूट काढले असतील.

केबिनमध्ये जे झालं ते भाऊजींनी नंतर सांगितलं, म्हणजे ते तसंच झालं असणार.

लहानू म्हणाला, "भाऊ, एक सांगू? कोनाले बोलू नको."

"काय?"

"आज गुरुवार हाय. सांजेचा दिवा लावतो महाराजाले. दोन मिनटं. सायब पाहते म्हनून लपवतो. तू तर आपलाच हाय."

त्याने सीटमागून तसबीर काढली आणि काचेला टेकवली. मग एक दिवा काढला. लुकलुकणारा, प्लास्टिकचा, बाजारात मिळतो तो, मोबाइलच्या पिनेवर चालणारा. बाजूच्या झाकणाच्या फटीतून बोटाने एक बारीक वायर ओढली, तिच्या टोकाला दिवा जोडला आणि हात जोडले. सॉकेट बंद झालं तेव्हा भनपुरीच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याने त्याला केबिनमधून मोबाइलएवढा करंट शोधून दिला होता, पाच व्होल्टचा, म्हणजे तिन्ही सेन्सरांचाच. लहानूला वाटलं, पडून असलेला करंट आहे. वायरीला हात लावला का असं भाऊजींनी विचारलं तेव्हा त्याला हे आठवलंसुद्धा नव्हतं. देवाचा दिवा म्हणजे का वायर असते?

उन्हाळ्यात सेन्सर गेला तेव्हा घाबरून त्याने हा दिवा सुरू केला होता, मशीन बरी होऊ दे म्हणून. पुढे फॉल्ट वाढले तसा तो जास्त वेळा लावू लागला. आधी गुरुवारी, मग रोज, मग मशीन जरा कुरकुरली की लगेच. आणि कोणी येताना दिसलं की दिवा काढायचा, वायर फटीत ढकलायची. साहेब येवो, मेकॅनिक येवो, तोवर सगळं शांत.

लहानूने हात जोडले आणि लिव्हर ओढला. मशीनने हिसका दिला, उघडी वायर केबिनच्या पत्र्याला लागली, आणि भाऊजींच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर तिन्ही कोड एकदम लागले. मशीन मरगळली.

इतके दिवस जिच्यामागे धावत होते ती चोरी अशी हातात आली म्हटल्यावर या माणसाचं भान सुटलं. मी खाली उभी होते, मला ते ऐकू आलं. केबिनचं दार धाडकन उघडलं आणि भाऊजी अनवाणी साखळीवर उभे राहून लहान पोरासारखे ओरडले, "सापडला! साहब, आओ, मिल गया! लहानू झूठ नहीं बोल रहा था!"

मलाही इतका आनंद झाला की मी पदर खोचून चिखलातून धावले. इंचार्ज वर चढला. भाऊजींनी त्याला सगळं दाखवलं, दिवा लावून, काढून, पुन्हा लावून. दिवा लागला की कोड, काढला की मशीन ठीक. दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा दाखवणार होते. लहानू मान डोलावत होता, त्याचे डोळे भरून आले होते. झोपवणारा हे नाव पुसलं गेलं होतं.

इंचार्जने वायर बोटाने उचलून बघितली.

"ये जोड़ किसने किया?"

भाऊजींचा हात तसाच राहिला. मी खालून त्यांचं तोंड बघितलं. तेव्हा, त्या क्षणी, त्यांच्या लक्षात आलं.

"साहब, दिया लगाने के लिए..."

"मैं पूछ रहा हूँ, कंपनी की मशीन का वायर छीलकर ये जोड़ इसने करवाया? हाँ या ना?"

बोला ना हो, मी मनात म्हणत होते. एकदा तरी बोला खोटं. जुना जोड आहे म्हणा, आधीच्या कोणाचा आहे म्हणा, माहीत नाही म्हणा. मी सगळे देव आठवले.

"हव," भाऊजी म्हणाले.

एवढंच. या गावात होकाराला एवढाच शब्द लागतो.

पुढे ते खूप बोलले. इंचार्जच्या मागे मागे साइटच्या ऑफिसपर्यंत गेले, अनवाणीच. नुकसान माझ्या नावावर टाका म्हणाले, मी झाकण उघडलं होतं, टेप बघून सोडून दिला, चूक माझी आहे म्हणाले. तीही खरीच गोष्ट होती, पण तिचा कोणाला उपयोग नव्हता. इंचार्ज म्हणाला, "नरहरजी, मशीन झोपवली असती तर मी एक संधी दिली असती. वायरिंगला हात लावलेला माणूस मी ठेवला तर उद्या मलाच काढतील." हिंदीत म्हणाला, पण अर्थ हाच. मला त्याला चार शब्द सुनावायचे होते. पण सुनावून तरी काय होणार होतं?

लहानू खाली उतरला. एका हातात तसबीर, एका हातात दिवा. चपला घालायला हात मोकळा नव्हता म्हणून दिवा त्याने माझ्याकडे दिला, चपला घातल्या, दिवा परत घेतला. भाऊजींना म्हणाला, "तू दाखवलं भाऊ. मी खोटा नोतो." आणि गेला. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

वायर कापणारा ऑपरेटर हे नाव फोनवर त्याच्या आधी सगळीकडे पोचलं. दिवाळीच्या आधीच तो कुटुंबासह तुमसरला निघून गेला.

आता दर गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. पहिला आला तेव्हा मी ताईकडेच होते. लहानूचा आवाज मोठा, सगळं बाहेर ऐकू येतं. घरचं बोलून झालं, आणि मग त्याने विचारलं, "नरहरभाऊ, मशीन कशी हाय? फॉल्ट येते का आता?"

भाऊजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले झोप नाही लागत भाऊ. महाराजाच्या दिव्यानं मशीन बंद पडत होती का खरंच? मी तर तिच्यासाठीच लावत होतो."

ताई पोळी लाटत होती, तिचा हात थांबला. भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं.

"येते," ते म्हणाले. "काल पन आला होता. तिन्ही कोड."

मी ताईकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा हे झालं होतं. एका नोकरीसाठी जो शब्द तोंडातून निघाला नव्हता तो आता फुकट निघाला.

"पाह्य!" लहानूचा आवाज एकदम चढला. "म्हनलं नोतं मी? महाराज असं करन का कधी? मंग भाऊ, सायबाले सांग ना हे. म्हन, दिवा नाही, दुसरंच काही होतं. मले वापस घेतीन ते."

भाऊजींनी डोळे मिटले. "सांगतो," म्हणाले.

पुढच्या गुरुवारी त्याने विचारलं, सांगितलं का? भाऊजी म्हणाले, साहेब सुट्टीवर गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाले, साहेब कामात आहे. लहानू म्हणतो, काही घाई नाही भाऊ, मी थांबतो. बॅग भरूनच ठेवली आहे म्हणतो.

भाऊजी अजून दुपारी माझ्याकडे डबा खायला येतात. पूर्वी आले की हात धुवायचे. आता आधी खिडकीशी जातात. खड्डा भरला, खांब वर आले, पोकलेन पलीकडच्या खड्ड्यावर गेली आहे, पण दिसते. तिच्यावर दुसराच कोणी आहे, बूट घालून चढतो.

"आज थांबली का गं?" ते मला विचारतात.

मी सकाळपासून तिच्याकडेच बघत बसलेली असते. आमच्या साहेबांची दोनदा बोलणी खाल्ली आहेत त्यापायी. पण ती मशीन एकदाही थांबत नाही, जरासुद्धा कुरकुरत नाही.

"नाही, भाऊजी," मी सांगते, आणि ते डबा उघडतात.